घरातले पैसे कमी होतायत, संशय पोरावर आहे: आता काय करायचं?

बचत संघाच्या हप्त्यासाठी डब्यात ठेवलेले पैसे मोजावेत आणि चारशे कमी भरावेत. मागच्या महिन्यात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून आईला मिळालेल्या दोन हजारांतलेही पाचशे असेच गेलेले असावेत. वडील गोव्यात नाहीतर पुण्यात कामाला, घरात आई, आज्जी, दहावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. अशा घरात पहिलं नाव कुणाचं निघतं? जो उलट बोलतो, ज्याच्या शाळेतून तक्रारी येतात, ज्याला आधीपासूनच सगळे 'वांड' म्हणतात, त्याचं. "दुसरं कोण घेणार?" असा प्रश्न येतो आणि तिथंच तपास संपतो.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गल्लीत अशी घरं सापडतील. पोर पैसे घेतंय ही शंका आईबापाला आतून पोखरते. बाहेर कुणाला सांगता येत नाही, कारण गावात बोभाटा होईल. घरात सांगावं तर "तुझ्याच लाडानं बिघडला" हे ऐकावं लागतं. म्हणून हा विषय जरा सविस्तर आणि शांतपणे समजून घेऊ. माझं सगळं म्हणणं एका गोष्टीभोवती फिरतं: पैसे कुणी घेतले यापेक्षा ते कुठं गेले हे कळणं जास्त महत्त्वाचं आहे. पुढचा सगळा मार्ग त्यावरून ठरतो.

आधी हिशेब, मग नाव

संशय खरा आहे की नाही, हे पहिल्या आठवड्यात कुणालाच नक्की ठाऊक नसतं. घरातली रोकड कधीच मोजून ठेवलेली नसते. दूधवाल्याला दिलेले, भिशीला भरलेले, नणंदेला उसने दिलेले पैसे विसरून जातात. कधी थोरला भाऊ घेतो, कधी घरातलाच मोठा माणूस दारूसाठी घेतो आणि लहानाच्या नावावर जाताना गप्प बसतो. हे कटू आहे, पण होतं. म्हणून नाव घेण्याआधी दोन आठवडे वहीत लिहा: किती ठेवले, कधी ठेवले, कुणाला दिले. पैसे एकाच कुलूपबंद ठिकाणी ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. "घरात सगळ्यांचेच पैसे आता कपाटात राहतील" एवढंच सांगा. कुणाकडं बघून सांगू नका.

हा बंदोबस्त म्हणजे पोरावर अविश्वास नव्हे. ज्याच्या हाताला सवय लागू पाहतेय, त्याच्या डोळ्यांसमोर उघडा डबा ठेवणं हीच त्याच्यासाठी कठीण परीक्षा असते. मुद्दाम नोट ठेवून, नंबर लिहून घेऊन सापळा लावणारे पालकही असतात. तसं करू नका. सापळ्यात पोर सापडलं तर तुम्हाला पुरावा मिळतो आणि पोराला कळतं की आईनं मला पकडायचंच ठरवलं होतं. त्यानंतर ते खरं सांगायला तुमच्याकडं येत नाही.

बंदोबस्त मोबाईलचाही करायला हवा. आजकाल पैसे डब्यातून कमी आणि फोनमधून जास्त जातात. आईचा पिन पोराला पाठ असतो, कारण रिचार्ज तेच करून देतं. युपीआय लाइट चालू असेल तर छोट्या रकमेला पिन लागतही नाही. बँकेचे मेसेज वाचा, अॅपमधला व्यवहारांचा इतिहास उघडा, पिन बदला आणि खरेदीच्या आधी दर वेळी पासवर्ड मागणारी सेटिंग चालू करा. इथं एक फायदाही आहे. डब्यातली नोट कुठं गेली ते सांगत नाही, फोन मात्र तारीख, वेळ आणि कुणाला गेले ते सांगतो.

कौल आणि भारलेले तांदूळ

आपल्या भागात चोरी झाली की देवाला कौल लावतात, देवऋषीकडं जातात, भारलेले तांदूळ चघळायला देतात. ज्याच्या तोंडात तांदूळ कोरडे राहतील तो चोर. यामागं काय घडतं ते समजून घ्या. माणूस घाबरला की शरीर धोक्याच्या तयारीला लागतं, छाती धडधडते, तळहात घामेजतात आणि तोंडाला कोरड पडते. ही कोरड भीतीची असते. चोरी केलेलं पोर घाबरतं, आणि ज्याच्यावर सगळ्यांचे डोळे रोखलेत ते निर्दोष पोर तर त्याहून जास्त घाबरतं. उलट सराईत माणूस आरामात तांदूळ चावून दाखवतो. म्हणजे ही परीक्षा बरोबर त्याच लेकराला अडकवते ज्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज असते. देवावर श्रद्धा जरूर ठेवा, पण लेकराला या पंक्तीत बसवू नका. चार भावकीतल्या माणसांसमोर एकदा चोर ठरलेलं पोर वर्षानुवर्षं त्या नावानं ओळखलं जातं.

वयाप्रमाणे अर्थ बदलतो

चार-पाच वर्षांच्या मुलानं मामाच्या घरून खेळणं खिशात घालून आणलं तर त्याला चोरी म्हणू नये. माझं आणि दुसऱ्याचं हा फरक त्या वयात पुरता रुजलेला नसतो. "हे राजूचं आहे, चल देऊन येऊ" एवढं पुरतं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना घेणं चूक आहे हे कळतं, पण डोळ्यांसमोर पेप्सीकांडी दिसली की मन आवरत नाही. बहुतेक मुलं लहानपणी एखाद-दोनदा असं करतात आणि घरच्यांनी नीट हाताळलं तर सोडून देतात.

आज्जी सांगतात ती गोष्ट आठवते का? फासावर जाणारा चोर आईला जवळ बोलावतो आणि तिचा कान चावतो, कारण पहिल्या चोरीला तिनं अडवलं नाही. या गोष्टीनं किती आयांची झोप उडवली असेल! गोष्टीतली ताकीद खरी आहे, दुर्लक्ष करू नये. पण दहा रुपये घेतलेलं पोर सरळ फासाकडं चाललंय असा अर्थ घेऊन आई घाबरते, आणि घाबरलेला हात जोरात पडतो.

बारा-तेरा वर्षांनंतर मात्र वारंवार पैसे जात असतील तर त्यामागं बहुधा कारण असतं. या वयातल्या पोराला चूक-बरोबर सांगायची गरज उरलेली नसते, ते त्याला चांगलं ठाऊक असतं.

पैसे गेले कुठं?

इथं थोडं थांबू, कारण खरं उत्तर इथंच सापडतं.

एक मोठं कारण म्हणजे मित्र विकत घेणं. आपल्याकडं सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं पोर आठवीला तालुक्याच्या हायस्कूलला जातं. तिथं अनेकदा माध्यम कन्नड नाहीतर इंग्रजी. वर्गात काय चाललंय कळत नाही, उत्तर देताना चुकलं की मागून हसतात. काल गावच्या शाळेत पहिल्या बाकावर बसणारं पोर आज शेवटच्या बाकावर मुकं होऊन बसतं. मग मधल्या सुट्टीत चौघांना वडापाव चारला की चौघं आपले होतात. हे पैसे घरातूनच येणार. अशा पोराला मारून काय साधणार? त्याला कन्नडच्या शिकवणीची, वर्गशिक्षकांशी एका शांत भेटीची आणि गावातल्या एखाद्या जुन्या दोस्ताची गरज आहे. चोरी तिथूनच थांबते.

दुसरं कारण खंडणी. मोठ्या वर्गातली पोरं वडापच्या, म्हणजे प्रवासी जीपच्या, स्टॉपवर रोज वीस रुपये मागतात, नाही दिले तर मारतात. किंवा कुणीतरी एखादा फोटो काढून ठेवलेला असतो आणि "घरी दाखवीन" म्हणून धमकावतो. घरात जे चोर ठरतंय, ते बाहेर लुटलं जात असतं. कपडे फाटलेले, अंगावर वळ, शाळेला जाताना पोटात दुखणं, फोन वाजला की दचकणं, ही चिन्हं पैसे जाण्यासोबत दिसली तर आधी हाच प्रश्न विचारा.

मोबाईलचे खेळ हे तिसरं. खेळातले डायमंड, कपडे, बंदुका विकत घेता येतात आणि पोरांच्या जगात त्याला मान असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला, पण खेळातल्या अशा साध्या खरेदीवर ती बंदी नाही. म्हणजे हा दरवाजा घरीच बंद करावा लागतो. पोर उधारीवरही खेळतं, दुसऱ्याच्या खात्यावरून घेतलेलं फेडायला घरातून काढतं.

मग मावा आणि गुटखा. कर्नाटकात गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो हे आपण सगळे जाणतो. रोज थोडे थोडे, म्हणजे दहा-वीस-तीस असे ठरावीक पैसे जात असतील, ओठांचा रंग बदलला असेल, तिखट खाताना तोंडात आग होत असेल, तर विचार करा. व्हाईटनर किंवा सोल्यूशन हुंगण्याची सवयही या वयात लागते. कपड्यांना येणारा रसायनाचा वास ओळखता येतो.

आणि एक कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मागायची लाज. मुलीला पॅड हवे असतात, घरात सांगायला बाईमाणूस जवळ नसतं. मुलाला परीक्षेची फी भरायची असते, पण आईला रात्री हप्त्यासाठी रडताना त्यानं पाहिलेलं असतं. मागितलं तर बोलणी बसणार, म्हणून न सांगता घेतात. अशा वेळी आठवड्याला थोडा ठरलेला खर्च हातात देणं, आणि मागितल्यावर न ओरडणं, हाच इलाज असतो.

शेवटचं कारण सांगायला सगळ्यात अवघड. काही मुलं घेतात आणि खर्चही करत नाहीत. नोटा दप्तराच्या तळाशी तशाच सापडतात, आईची बांगडी, वडिलांचं जुनं घड्याळ उशाखाली सापडतं. वडील सहा महिने परगावी, आई आजारी, घरात रोज भांडण, किंवा नुकतंच कुणी गेलेलं. त्या वस्तूत पोर माणूस शोधत असतं. घड्याळ परत घेताना हे ओळखा, आणि रविवारी वडिलांचा फोन नुसता "अभ्यास कर" यापलीकडं जाईल असं बघा.

बोलायचं कसं

उत्तर ठाऊक असताना "तू घेतलेस काय?" असं विचारू नये. घाबरलेलं पोर "नाही" म्हणणार, आणि आता चोरीवर खोटंही चढलं. त्यापेक्षा जे माहीत आहे तेवढंच सांगा. "फोनवरून मंगळवारी तीनशे रुपये गेमला गेलेत, मेसेज आलाय. ओरडायला बसलो नाही. कशासाठी लागले ते सांग."

नुसताच संशय असेल तर वाक्य वेगळं हवं. "डब्यातले चारशे गेलेत. कुणी घेतले मला ठाऊक नाही, तुझं नाव मी घेत नाही. पण तुला कशाची नड असेल, कुणी त्रास देत असेल, तर मला सांग. मारणार नाही." शेवटचे दोन शब्द पाळायचे असतील तरच उच्चारा. पोरानं विश्वासानं सांगितलं आणि वडिलांनी रात्री पट्टा काढला, तर पुढची पाच वर्षं ते तोंड उघडणार नाही.

बोलायला एकच माणूस बसावा, घरची सगळी मंडळी नकोत. आई, आज्जी, मामा, ज्याच्याशी त्याचं जमतं तो. ताटावर बोलू नका, पाहुण्यांसमोर नको. चालताना, शेताकडं जाताना, गाडीवर मागं बसलेलं असताना पोरं जास्त मोकळी बोलतात, कारण डोळ्यांत बघावं लागत नाही. लगेच नाही बोललं तर दोन दिवस द्या.

कबूल केल्यावर? सोडून द्यायचं असं मी म्हणत नाही. घेतलेलं परत करावंच लागतं, त्याच्या कुवतीप्रमाणे. खाऊच्या पैशांतून आठवड्याला थोडे वळते करायचे, गोठा झाडायचा, दुकानात मामाला मदत करायची, आणि त्यातून हिशेब मिटवायचा. आज्जीचे घेतले असतील तर आज्जीलाच जाऊन द्यायचे. ही शिक्षा ठरलेली, मोजकी आणि संपणारी असावी. हिशेब मिटला की विषय मिटला. पुढच्या भांडणात "चोरटा" हा शब्द काढायचा नाही, भावंडांनाही काढू द्यायचा नाही.

मारण्याबद्दल स्पष्टच सांगते. मारानं त्या दिवशी थांबतं, नंतर लपवण्याची कला वाढते. डाग देणं, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं हे तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मुलावरची क्रूरता ठरू शकतं, आईबापानं केलं तरीसुद्धा.

डॉक्टरांकडं कधी?

मोबाईलवर शोधलं की 'क्लेप्टोमॅनिया' हा शब्द लगेच पुढं येतो आणि घरचे हादरतात. तो आजार फार दुर्मीळ आहे. त्यात माणूस गरज नसलेल्या वस्तू अनावर ओढीनं उचलतो. घरातून पैसे घेणाऱ्या पोराला तो असण्याची शक्यता अगदी कमी.

जास्त लक्ष द्यावं असं दुसरंच आहे. चोरीसोबत मारामाऱ्या, जनावरांना क्रूरपणे इजा, आग लावणं, तोडफोड, रात्र-रात्र घराबाहेर, शाळा बुडवणं, असं सगळं एकत्र दिसत असेल तर त्याला वर्तनविकार म्हणतात. डॉक्टर गेल्या १२ महिन्यांचं वागणं तपासतात आणि १५ ठरलेल्या लक्षणांपैकी किमान ३ आहेत का ते पाहतात. म्हणजे एक चोरी किंवा एक आठवडा यावरून कुणी शिक्का मारत नाही. कधी मुळाशी अतिचंचलता असते, विचार येण्याआधी हात पुढं गेलेला असतो. कधी वाचन-लेखनाची अडचण, कधी नैराश्य. मुलांमधलं नैराश्य रडण्यातून दिसण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. हात कापून घेणं, "मी मेलो तर बरं" असं बोलणं दिसलं तर चोरीचा विषय त्या क्षणी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या.

बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय संस्थेच्या जिल्हा रुग्णालयात आणि काही मोठ्या खासगी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. जाणं लगेच जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आणि चोवीस तास चालतो. फोन लावल्यावर मराठीत बोलायचं आहे असं आधी सांगा.

भाषेची गोष्ट दवाखान्यातही महत्त्वाची. पोर मराठीत रडतं, मराठीत भांडतं, आणि समुपदेशकासमोर त्याला तुटक्या कन्नडमध्ये मनातलं सांगावं लागलं तर ते "काही नाही" म्हणून उठतं. मराठी कळणारे कुणी आहेत का, हे नोंदणीच्या खिडकीवरच विचारा. दुभाषा म्हणून थोरल्या बहिणीला बसवू नका, तिच्यासमोर ते खरं बोलणार नाही. पहिल्या भेटीत चोरीची उलटतपासणी होत नाही. झोप, जेवण, शाळा, मित्र, घरातलं वातावरण यांबद्दल विचारतात, आणि आईबापांनाही बरंच विचारतात. घरच्यांनी बोलण्या-वागण्याची पद्धत बदलणं हा उपचाराचा मोठा भाग असतो. तेव्हा "याला एक गोळी द्या" या अपेक्षेनं जाऊ नका, आणि "माझ्यात खोट काढली" म्हणून दुखावूनही घेऊ नका.

पोलिसांचा धाक

"ओळखीचा पोलीस आहे, एकदा दम देऊन आणू या" हा सल्ला कुणीतरी काका देतोच. कायदा काय म्हणतो ते बघा. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, ज्यात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांतली एक तरी महिला. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत मोठा माणूस नसेल तर एफआयआरऐवजी ठाण्याच्या डायरीत नोंद होते. मुलाचं नाव छापायला मनाई आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात त्याला परिणाम कळण्याइतकी समज होती का हे बघावं लागतं.

म्हणजे कायदा मुलाला सांभाळून घेणारा आहे. तरीही नुसत्या धाकासाठी तिकडं जाऊ नका. राहत्या घरातली चोरी हा भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीपेक्षा जड गुन्हा आहे, आणि तक्रार एकदा नोंदली की "आम्ही मागं घेतो" म्हटल्यानं ती लगेच मिटते असं नाही. ठाण्याच्या बाकावर बसवून आणलेलं पोर घरात परत येतं तेव्हा त्याच्या मनात घर आणि ठाणं यांतला फरक पुसट झालेला असतो.

जिथं जायलाच हवं अशी वेळही असते. कुणी मोठा माणूस पोराकडून चोरी करवून घेत असेल, नशेचा माल पुरवत असेल, फोटोवरून धमकावत असेल, तर गप्प बसू नका. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्यांना बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो आणि पोरालाही तो ठाऊक असू द्या.

नंतरचे महिने

सवय एका दिवसात सुटत नाही. तीन महिने ठीक गेले आणि पुन्हा पन्नास रुपये गेले, तर सगळं वाया गेलं असं समजू नका. दोन घटनांमधलं अंतर वाढतंय का, रक्कम कमी होतेय का, विचारल्यावर आता लवकर खरं सांगतंय का, हे बघा. विश्वासही टप्प्याटप्प्यानं द्यायचा. आधी किराणा आणायला मोजके पैसे, उरलेले परत घ्यायचे आणि बिल मागायचं. मग दळण, मग वीजबिल. किल्ली सगळ्यात शेवटी.

या सगळ्यात आईनं एकटीनं झिजू नये. एका तरी माणसाला विश्वासात घ्या, बहिणीला, शाळेतल्या बाईंना, कुणालाही जो बाहेर बोलणार नाही. परगावी असलेल्या वडिलांना सगळं कळू द्या, पण तुकड्यातुकड्यानं रागाच्या भरात नको, नीट बसून सांगा. फोनवरून शिव्या देऊन ते शांत झोपतात आणि त्याचा परिणाम इथं तुम्हाला भोगावा लागतो.

आणि शेवटी पैसे भावानं घेतले होते, किंवा ते साडीच्या घडीत सापडले, असं निघालं तर? मग ज्यांच्यासमोर पोरावर आळ घेतला होता, त्या सगळ्यांसमोर आईबापांनी "आमचं चुकलं, यानं घेतले नव्हते" असं त्याच्या देखत सांगायला हवं. भावकीतल्या ज्या काकांना फोन करून बोललो होतो, त्यांनाही त्याच दिवशी पुन्हा फोन करायचा.